पाण्याची खूण

भिंतीवर मोठी तबकडी होती आणि तिच्यावर काटा. अण्णा थेट तिच्यापाशी गेले. जन्मभर मोजपट्ट्या वाचलेला माणूस, काटा दिसला की पाय आपोआप तिकडं वळतात. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून त्यांनी विचारलं, "किती फूट दाखवतोय?"

"अण्णा, तो पाण्याचा नाही. डासांचा आहे."

एक ते सहा आकडे. एक म्हणजे निर्धास्त, मग चढत चढत सहाव्या आकड्याला थेट 'युद्धभूमी'. आम्ही गेलो तेव्हा मार्च संपत आला होता आणि काटा दोनवर होता. आईला ही गंमत फार आवडली, तिनं तबकडीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. अण्णांना मात्र पटेना. नदीकाठचं सरकारी ऑफिस, आणि डासांचं गेज दारात लावलंय, पाण्याचं कुठाय?

काँगरी नॅशनल पार्क साउथ कॅरोलायनात आहे, कोलंबिया शहराच्या आग्नेयेला अर्ध्या तासावर. शार्लटहून आम्हाला गाडीनं दोन तास लागले. खरं सांगायचं तर ही जागा मी जंगलासाठी निवडली नव्हती, आईच्या गुडघ्यांसाठी निवडली होती. दोघं फेब्रुवारीत सांगलीहून आले. पहिल्या महिन्यात देऊळ झालं, मॉल झाले, कॉस्टको तर तीनदा झालं. डोंगरात न्यावं तर आईला चढ नको, उतार त्याहून नको. शोधता शोधता ही लाकडी वाट सापडली. जंगलातून खांबांवर उचललेला फळ्यांचा रस्ता, सुमारे अडीच मैलांचा फेरा, एकही पायरी नाही, व्हीलचेअरसुद्धा जाते. आईला विचारलं तर म्हणाली, "फिरायचं पण चढायचं नाही, असं जंगल असतं होय?"

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. ते पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये माणसं भेटली की 'कसं काय' नंतर दुसरा प्रश्न 'आयर्विनला किती?' हाच असतो. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९चा पूल. त्याच्यापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. तेवढं झालं की सूर्यवंशी प्लॉटातली माणसं गाठोडी बांधायला लागतात. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आता याच्यापेक्षा जास्त होणे नाही असं सगळे म्हणाले. २०१९ला ते ५७ फुटांच्या वर गेलं.

आमचं घर गावभागात. आजोबांनी बांधलेलं, पूररेषा कागदावर येण्याच्या कितीतरी आधी. पुढं निळी रेषा आली, लाल रेषा आली, अण्णांनी स्वतः ते नकाशे घेऊन लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आमचं घर निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामबंदीच्या, आत निघालं. माजघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघा आहेत, त्यांच्यापुढं अण्णांच्या ठसठशीत अक्षरात साल. पेंटर आला की आई म्हणते, पुसा एकदाच्या. अण्णा म्हणतात, तेवढी वीतभर जागा सोडून मारा. त्यामुळं आमच्या माजघराला गेली काही वर्षं दोन रंगांचे पट्टे आहेत.

आणि अण्णांची डायरी. ऑफिसच्या रजिस्टरला असायचे तसेच रकाने ते आजही खिशातल्या डायरीत आखतात: तारीख, वेळ, पातळी, पाऊस, शेरा. लहानपणी मला वाटायचं, शेरा म्हणजे बाई वहीत लाल शाईनं मारतात तोच. अण्णांच्या शेऱ्याची भाषा मात्र ठरलेली. 'पाणी पात्राबाहेर.' 'रस्ता बंद.' 'उसाचे नुकसान.' 'स्थलांतर चालू.' शार्लटला आल्यापासून पातळीच्या रकान्यात रेघ आणि शेऱ्यात 'निरंक'. नदीच नाही तर लिहिणार काय? ते कंटाळलेत हे मला त्या 'निरंक'वरून कळलं होतं.

तर तो डासांचा काटा ओलांडून आम्ही फळ्यांवर पाऊल टाकलं.

सुरुवातीला वाट माणूसभर उंचावरून जाते. सुक्या, उंच काठाची जमीन मागं राहते आणि खालून हळूहळू चकाकायला लागतो तो काळा चिखल. त्याला तिथं नाव आहे, डोरोव्हन मक. जुनी पानं आणि चिकणमाती यांचं मिश्रण, जवळजवळ आठ फूट जाडीचं. वरून येणाऱ्या पाण्यातली घाण हा चिखल धरून ठेवतो आणि त्यातली बरीच निरुपद्रवी करून टाकतो, असं तिथं समजतं. अण्णा कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून बराच वेळ बघत राहिले. "पोयटा," म्हणाले. "आठ फूट पोयटा. असली मळी आपल्याकडं कुणाला मिळाली असती तर खताचं पोतं आणायला लागलं नसतं."

पोयटा हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. पूर ओसरल्यावर रानात जो मऊसूत गाळ राहतो तो. आजोबा म्हणायचे, कृष्णा घेते तेव्हा घर घेते आणि देते तेव्हा पोयटा देते. घर गेलेल्या माणसाला हा हिशेब काय पटणार, पण मळीच्या रानातलं वांगं खाल्लेल्या माणसाला पटतो.

मग झाडं सुरू झाली. मी कॅलिफोर्नियातली झाडं पाहिली आहेत. तिथं मान वर करून माणूस गप्पच होतो. इथं तसं होत नाही. इथली झाडं उंच आहेत, पण नजर आधी जाते ती त्यांच्या बुंध्याकडं. सायप्रस आणि ट्युपेलो यांचे बुंधे खाली घागरीसारखे फुगलेले, चिखलात बूड टेकून बसलेले. सायप्रस आहे सूचिपर्णी, पण हिवाळ्यात पानं गाळतो, म्हणून त्याला टकला म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा त्याला नुकती पालवी फुटत होती, इतकी कोवळी हिरवी की झाडाला नाही, झाडाभोवतीच्या हवेलाच रंग चढलाय असं वाटावं.

आणि त्या बुंध्यांभोवती जमिनीतून वर आलेले शेकडो सुळके. कुठं वीतभर, कुठं कमरेएवढे, वरून गोलसर, गुळगुळीत.

"वारुळं," अण्णा म्हणाले.

"नाही. मुळंच आहेत ती. त्यांना गुडघे म्हणतात."

आई थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून तिनं त्या गुडघ्यांच्या मेळ्याकडं पाहिलं. "बघा," अण्णांना म्हणाली, "जन्मभर ओल्यात उभं राहिलं की झाडालासुद्धा हेच होतं. आणि तुम्ही मला म्हणता, धुण्याच्या दगडाचा काय संबंध."

हे गुडघे कशासाठी, याचं सर्वांना मान्य असं उत्तर विज्ञानाकडंही नाही. चिखलात गुदमरलेल्या मुळांना हवा मिळावी म्हणून, असं फार पूर्वीपासून सांगतात. काहींना वाटतं, मऊ जमिनीत एवढं धूड पेलायला आधार म्हणून. मला आठवलं ते आपल्या दोडामार्ग तालुक्यातलं हेवाळे-बांबर्डे. तिथं रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई आहे, जेमतेम अडीच हेक्टरांची, आता राज्याचं जैवविविधता वारसास्थळ. पलीकडं गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई तशीच. तिथंही मुळं चिखलातून वर येतात, वळसा घेतात आणि पुन्हा खाली जातात, अगदी मांडी घालून बसल्यावर गुडघा दिसावा तशी. त्या झाडाचा आणि या झाडाचा नात्यानं काही संबंध नाही. पाण्यात उभं राहायचं तर कुणालाही साधारण असंच बसावं लागत असणार.

ती राई टिकली देवाच्या धाकानं. हे जंगल कसं टिकलं, ती गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यात निम्मं श्रेय चिखलाचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोच्या फ्रान्सिस बीडलर यांच्या लाकूड कंपनीनं इथली जमीन घेतली. सायप्रसचं लाकूड लवकर कुजत नाही, त्याला मोल मोठं. पण आतून ओढून आणायला रस्ता नाही, म्हणून प्रवाहाच्या कडेची झाडं तोडायची आणि नदीत सोडायची. त्या सततच्या ओलीत झाडं वाळेचनात, आणि पाण्यात टाकलेले कितीतरी ओंडके तरंगायच्या ऐवजी बुडाले. दहा-एक वर्षांत कंपनीनं तोड बंद केली. पुढं पन्नासच्या दशकात हॅरी हॅम्प्टन नावाच्या पत्रकारानं हे जंगल राखा म्हणून लिहायला सुरुवात केली. कोणी फारसं ऐकलं नाही. १९६९ला लाकडाचे भाव चढले, तोड पुन्हा सुरू करायचा विचार होऊ लागला, तेव्हा लोक खडबडून जागे झाले. १९७६मध्ये इथं राष्ट्रीय स्मारक झालं आणि २००३मध्ये नॅशनल पार्क. आज सुमारे ११,००० एकर जुनं, न तोडलेलं जंगल शिल्लक आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात नदीकाठची असली जंगलं एके काळी मैलोन्‌मैल होती. एवढा मोठा सलग तुकडा आता हा एकच.

"पेपरवाल्यानं वाचवलं?" अण्णांनी विचारलं. त्यांचा पत्रकारांबद्दलचा अनुभव वेगळा आहे. पूररेषेच्या बातमीत एकदा त्यांचा फोटो आला होता, खाली भलताच मजकूर.

थोडं पुढं गेल्यावर वाट खाली उतरत गेली आणि फळ्या जमिनीच्या जवळ आल्या. इथं दोन आठवड्यांपूर्वी पूर येऊन गेला होता. फळ्यांवर अजून गाळाचा पातळ थर होता, वाळून त्याला बारीक भेगा पडल्या होत्या आणि त्यात कुणा रॅकूनच्या पावलांचे ठसे, लहान मुलाच्या हातासारखे. आई काठी टेकून टेकून चालू लागली. मी तिचा दंड धरला.

अण्णा मागं राहिले. वळून पाहिलं तर वाटेला अगदी लागून असलेल्या एका ट्युपेलोसमोर ते उभे होते, आणि मला ते माजघरातल्या भिंतीसमोर उभे राहतात तसेच दिसले. बुंध्यावर एक रेघ होती. तिच्या खाली सगळं राखाडी, गाळ माखलेलं. तिच्या वर हिरवंगार शेवाळ. मग माझ्या लक्षात आलं की ती रेघ एका झाडावर नव्हती. नजर जाईल तिथवर प्रत्येक बुंध्यावर, प्रत्येक गुडघ्यावर, एकाच उंचीला तीच रेघ. ओळंबा लावून मारल्यासारखी. जंगलभर कुणीतरी पेन्सिल फिरवली होती.

"काठी दे गं तुझी," ते आईला म्हणाले.

"मग मी काय धरू?"

"ही आहे की तुला धरायला."

कठड्याच्या फटीतून त्यांनी काठी खाली सोडली, चिखलाला टेकवली, बुंध्याला लावली. काठीची मूठ रेघेच्या खालीच राहिली. मग वाकून तिच्यावर वीत टाकली. "काठी तीन फूट. माझी वीत नऊ इंच. वर पाच इंच. चार फूट दोन इंच धर." गुडघे टेकून बसलेले पंचाहत्तरीचे अण्णा, हाताला गाळ लागलेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी. कामावर असतानाचा चेहरा.

तेवढ्यात खाकी टोपीतल्या एक स्वयंसेवक बाई आल्या. सत्तरीच्या असतील. अण्णांना खाली बसलेलं पाहून त्या घाबरल्या, मी घाईनं खुलासा केला. अण्णा इंजिनिअर आहेत, पुराचं मोजतात. त्या एकदम खुलल्या. मग अर्धा तास दोघांचं जे चाललं त्यात मी नुसती दुभाषी होते. अण्णांचं इंग्रजी चांगलं आहे, पण त्यांचे उच्चार बाईंना कळेनात आणि बाईंचे अण्णांना.

वर्षात किती पूर? साधारण दहा वेळा. कोणत्या महिन्यांत? हिवाळ्यात जास्त, वसंताच्या सुरुवातीपर्यंत. पाणी कुठून? कोलंबियाजवळ ब्रॉड आणि सलूडा मिळतात आणि काँगरी नदी होते. वरच्या भागात पाऊस झाला की इथं चढतं. वर धरण? हे अण्णा विचारणारच होते. आहे, सलूडावर, १९३० साली बांधून झालेलं. अण्णांनी समाधानानं मान हलवली. "कोयनाच म्हणायची." मग त्यांनी अलमट्टीची फुगवटी हा विषय काढायचा प्रयत्न केला, पण तो भाषांतर करण्यापलीकडचा होता. मी 'खाली आणखी एक धरण आहे, भांडण आहे' एवढंच सांगितलं.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. लोक या जागेला दलदल म्हणतात, १९७६च्या नावातही ती होती, पण ही दलदल नाही. वर्षातला बराच काळ इथली जमीन पाण्याबाहेर असते. नदी येते, गाळ टाकते, परत जाते.

"पूरपट्टा," अण्णा मला म्हणाले. "सांग त्यांना. हे पूरपट्ट्यातलं जंगल आहे."

जंगलात आत, त्या म्हणाल्या, मातीचे मोठे उंचवटे आहेत. पुरात गुरं चढवायला बांधलेले, एकोणिसाव्या शतकातले. बांधले गुलामांनी, मालकांच्या गुरांसाठी. आणि याच जंगलात पळून आलेले गुलाम लपूनही राहत, कारण इथं कुणाला शोधून काढणं सोपं नव्हतं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते लगेच काही बोलले नाहीत. २०१९ला त्यांच्या मामेभावाच्या म्हशी दोन दिवस गच्चीवर होत्या. आणि त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी नाव उलटली होती. "उंचवटे," एवढंच पुटपुटले, "आम्हीपण सुचवले होते. फायलीत आहेत."

शेवटी त्यांनी विचारलं, पुढचा पूर कधी?

बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात वरच्या भागात पाऊस सांगितलाय, तेव्हा येईल अशी आशा आहे.

मी भाषांतर केलं. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "आशा म्हणाल्या? नीट ऐकलंस ना?"

"आशाच म्हणाल्या."

मग पुढं वेस्टन लेक आलं, नदीनं वाट बदलली तेव्हा मागं राहिलेला वळणाचा तुकडा. ओंडक्यावर कासवं एकावर एक ऊन खात बसलेली. आई तिथल्या बाकावर टेकली, ती उठेचना. वर कुठंतरी लाल तुऱ्याचा मोठा सुतारपक्षी लाकूड ठोकत होता, अख्खं जंगल पोकळ असल्यासारखा आवाज घुमत होता. अण्णा तिच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण इथं माणूस राहत नाही. म्हणून नदी शहाणी दिसते."

मला उत्तर सुचलं नाही, आणि खरंतर ते चुकीचं बोलत नव्हते. फेसबुकवर दर पुरात कुणीतरी लिहितं, नदीला तिची जागा परत द्या. लिहिणारा पुण्यात चौथ्या मजल्यावर असतो. गावभागातला माणूस जागा देऊन जाणार कुठं, हे त्यात नसतं. पण मग अण्णाच पुढं म्हणाले, "आपण भिंत बांधली असती. लोकांनी मागितली असती आणि आम्ही बांधली असती. यांनी वाट उचलली." आणि पायाखालच्या फळीवर बुटाची टाच दोनदा आपटली, कामाचा दर्जा बघावा तशी.

परतीच्या वाटेवर लॉबलॉली पाइन भेटले. हे झाड एरवी वरच्या, सुक्या जमिनीवरही दिसतं, पण इथं पूरपट्ट्यात आडदांड वाढलंय. या जंगलातला सगळ्यात उंच १६७ फुटांच्या आसपास आहे. १९८९च्या ह्यूगो चक्रीवादळात इथले कितीतरी महावृक्ष पडले. पडलेले अजून तिथंच आहेत, कुणी उचलत नाही. एका आडव्या खोडावर नवी रोपं ओळीनं उभी होती, वाफ्यात लावल्यासारखी. आईनं ती मोजली. एकवीस.

गाडीजवळच्या बाकावर भडंगाची पुडी फोडली. सांगलीहून आणलेली शेवटची. आई म्हणाली, मे महिन्यात इथं काजवे एकदम चमकतात म्हणे, सगळे एका तालात, बघायला लॉटरी लागते. आपल्याकडं भंडारदऱ्याला बिनलॉटरीचे दिसतात, असंही म्हणाली, आणि बोटांचं तिखट चाटलं. अण्णांचं लक्ष नव्हतं. त्यांनी डायरी काढली होती. हाताला अजून गाळ होता. तो पँटला न पुसता तसाच त्यांनी पेनाला लावला.

मी खांद्यावरून वाचलं. तारीख. वेळ, दुपारी १:४०. ठिकाण असा रकाना नव्हता म्हणून कडेला आडवं 'काँगरी'. पातळी, ४ फूट २ इंच, झाडावरील खूण. पाऊस, रेघ.

शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्यांनी एकदा जंगलाकडं पाहिलं, एकदा भडंगाकडं, दोन दाणे तोंडात टाकले, आणि लिहिलं:

'पाणी सर्वत्र. नुकसान नाही.'